गाठीची तार काळ्यावर

१

मला लिहितावाचता येत नाही. माझी भाची नीरजा लिहून घेते आहे, आणि तिला मी आधीच बजावलंय की माझा एकही शब्द सुधारायचा नाही. ती कॉलेजात शिकवते, तिचा हात शिवशिवतो. शिवशिवू दे. मी हॉलमध्ये फरशीवर बसून सांगते आहे आणि इथून उठणार नाही. का, ते पुढं कळेल.

अक्षर येत नाही म्हणून मला कुणी बावळट समजू नये. मला रंग कळतात, आवाज कळतात आणि एकदा बघितलेलं मी विसरत नाही. बंगळूरच्या शिवाजीनगरात आमच्या घरी पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान होतं, अँप्ली, रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. ह्यांचं नाव मी घेत नाही. गल्ली रेडिओ अण्णा म्हणायची. पस्तीस वर्षं मी ह्यांच्या शेजारी बसून तारा धरल्या, डाग द्यायला कथील धरलं. कुठली तार कुठं जाते हे मला आमच्या इंजिनियर मुलाइतकंच कळतं. एक तार तर त्याच्यापेक्षा जास्त कळते.

ह्यांचा स्वतःचा एक सेट होता. तबकडीचा प्लेअर, चांदीच्या रंगाच्या तोंडाची अँप्ली आणि कमरेएवढे उंच दोन लाकडी स्पीकर. प्रत्येक स्पीकरच्या मागं दोन फिरक्या असतात, एक लाल, एक काळी. अँप्लीच्या मागंही तशाच. लालची तार लालवर, काळ्याची काळ्यावर. जगभर असंच जोडतात. पण ह्यांच्या डाव्या स्पीकरला उलटं जोडलेलं असायचं. त्या तारेच्या दोन पदरांपैकी एकाला मी काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवलेली, गोधडी शिवताना मारतो तशी, तीन वेढ्यांची.

"तुला वाचता येत नाही आणि मला पेटीच्या मागं दिसत नाही," हे म्हणाले होते. "गाठ दोघांनाही बोटानं कळेल. गाठीची तार काळ्यावर. लक्षात ठेव."

"का पण?"

"अगं, तुला कळायचं नाही ते."

बस. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार ह्या एका वाक्यावर चालला.

दुकानात येणारे कारागीर हसायचे. "अण्णा, सगळ्या कँटोन्मेंटचे सेट सरळ करता आणि स्वतःचा उलटा?" हे नुसते चहा सांगायचे. फक्त रविवारी सकाळी एक तास ती तार सरळ व्हायची. हे वेताच्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचे. तास झाला की उठायचे, सेट बंद करायचे, खुर्ची उचलून स्पीकरकडे पाठ, मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि मग तार पुन्हा उलटी करायचे. मी बादली घेऊन उभीच असायची. खुर्ची हलली की तिथली जमीन पुसून घ्यायची. ह्यांनी जन्मात माझं म्हणून केलेलं तेवढं एक काम, मी पुसायला आले की खुर्ची उचलणं. मी ते बायकांना कौतुकानं सांगायची.

२

आता 'बंदे'चं सांगते, म्हणजे माझा राग समजेल.

कन्नडात 'बंदे' म्हणजे आलो, आलोच. घरात आम्ही मराठी बोलतो, पण बंगळूरच्या पाण्यात तीन पिढ्या भिजल्यावर असे शब्द अंगाला लागतातच. ताट वाढून मी हाक मारायची, "जेवायला चला." दुकानातून उत्तर यायचं, "बंदेऽ." शेवटचा 'दे' लांबवून, झोपेतल्यासारखा. आणि माणूस यायचा नाही. दुसरी हाक. "बंदेऽ." तिसरी हाक. सारू गार, भात गार, मी गरम. माझा एकुलता एक मुलगा वेणू, वेणुगोपाल, त्यानंही बापाचं तेवढंच उचललं. शाळेत असल्यापासून "बंदेऽ आई," आणि पुस्तकातून मान वर नाही. मी ओरडायची, "मेल्या, ये की आता!" आज वेणू सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पहिल्या हाकेला तो कधी आला असेल तर मला तोंडावर खोटं पाडा.

दोन वर्षांपूर्वी, मंगळवार होता. मी पहिली हाक मारली, हे "बंदेऽ" म्हणाले. दुसरीला काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, माज. मी माझं ताट वाढून घेतलं आणि जेवले. हे कामाच्या टेबलावर डोकं टेकून गेलेले होते, आणि मी इकडे घास मोजून चावत होते, येऊ दे स्वतःहून म्हणून.

तर असा तो शब्द.

३

घर रिकामं केलं आणि वेणूनं मला व्हाइटफील्डला आणलं. अकरावा मजला. सून उल्का पुण्याची, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. पोरगी मनानं वाईट नाही, पण बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या काळजीबद्दल बोलते.

ह्यांचा सेट रजयांत गुंडाळून आणला होता. एका शनिवारी वेणूनं तो हॉलमध्ये जोडायला घेतला. भिंतीशी दोन स्पीकर, मध्ये चार हातांची जागा, आणि समोर बापाची वेताची खुर्ची. टेप लावून मापं घेतली. प्लेअरची बारीक हिरवी अर्थिंगची तार अँप्लीला लावली, तेव्हा घूं घूं थांबलं. तोवर ठीक होतं. मग तो डाव्या स्पीकरच्या मागं वाकला. त्याचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं आहे. वर्षभर तेल लावून मी ते इतकं सरळ केलं की बुटात कळत नाही. पण अनवाणी वाकला की कळतं. ते वळलेलं पाऊल बघत मी म्हणाले, "गाठीची तार काळ्यावर, वेणू."

"आई, ती बाबांची चूक होती."

"तुझ्या बापानं चूक केली? तारेत?"

"हे बघ, दोन्ही स्पीकरचे पडदे एकदम पुढं यायला हवेत, एकदम मागं जायला हवेत. एक पुढं आणि एक मागं गेला की दोघं एकमेकांचा आवाज खातात. मग मधला उरत नाही."

"मधला कोण?"

तो हसला. "ये, बस." मला खुर्चीत बसवलं, तबकडी लावली, सुई ठेवली. कुणी बाई गात होती. आणि ती डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. ती दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे, जिथं काही म्हणजे काही नाही, नुसती भिंत आहे, तिथं उभी राहून गात होती. मला तिच्या तोंडाची उंची सांगता आली असती.

"ही तिथं कशी?"

"कुठंच नाही. तुझे कान तिला तिथं उभं करतात. मधला म्हणजे तो."

उल्का कॉफी घेऊन आली होती. "किती इमर्सिव्ह आहे ना, आई?"

"गाठीची तार काळ्यावर कर," मी म्हणाले.

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, वेणू म्हणाला आणि काहीच केलं नाही.

४

चार-पाच दिवसांनी दुपारी बाराला मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "वेणू, जेवायला ये." तो आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतो.

हॉलमधून आवाज आला, "बंदे."

मी ताट वाढलं. दुसरी हाक मारली. "बंदे." तिसऱ्या हाकेला माझं डोकं फिरलं आणि मी उलथणं घेऊन हॉलमध्ये गेले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तबकडी संपली होती, सुई शेवटच्या रेघेत खर्र खर्र करत फिरत होती. वेणू खाली पार्सल आणायला गेला होता, हातात खोका घेऊन दारातून आत आला.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. मला वाटलं, हेच. आणि असा संताप आला की बस. मेल्यावरसुद्धा बंदे! मी त्या रिकाम्या भिंतीला म्हणाले, "जिवंतपणी आला नाहीत, आता कशाला येताय?"

मग आठवून बघितलं. ह्यांचा 'दे' लांबायचा. हा लांबला नव्हता. हा शब्द स्वच्छ होता, कडेनं कापल्यासारखा. ऐकून ऐकून पाठ केलेला.

संध्याकाळी उल्कालाही ऐकू आलं. तिला कन्नड येत नाही. ती वेणूला म्हणाली, "अरे, हा सेट मधेच 'बंद, बंद' काय म्हणतो? ब्लूटूथ डिस्कनेक्टचा मेसेज आहे का?"

"पन्नास वर्षांच्या सेटला कुठलं ब्लूटूथ?"

"मग रेडिओ पकडत असेल. पण बंद म्हणतोय तर बंद कर ना बाबा, तो बिचारा स्वतःच सांगतोय!" आणि दोघं हसली.

मी म्हणाले, "बंद नाही म्हणत तो. बंदे म्हणतोय."

उल्कानं विचारलं, "म्हणजे?"

"येतोय म्हणून सांगतोय."

वेणू हसायचा थांबला. पण एवढंच.

५

फरशी मी स्वतः पुसते. कामवालीच्या पुसण्यावर माझा विश्वास नाही. इथली फरशी पांढरी, आरशासारखी, दोन-दोन वितींचे चौकोन. स्पीकरच्या ओळीपासून खुर्चीपर्यंत पाच फरश्या.

एका सकाळी पुसताना बघितलं, दोन्ही स्पीकरच्या मध्ये, भिंतीजवळच्या दुसऱ्या फरशीवर पाणी लागेना. तेल सांडल्यावर कसं पाणी बाजूला पळतं, तसं दोन जागांवरून पळत होतं. दोन जागा, शेजारी शेजारी, वीतभर लांब. मी सोडा घेऊन घासलं. वासावरून, बोटावरून तेल नव्हतं. घासूनही तसंच.

मी अडाणी आहे, खुळी नाही. आधी वाटलं, सामान आणणाऱ्यांनी चिकटपट्टी लावली असेल, तिचा डिंक. मग वाटलं, पॉलिश गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुसरी फरशी साफ होती. छान ओली झाली. पाणी तिसरीवर पळत होतं.

त्यानंतर मी चौथीवर नजर ठेवली. पंखा बंद केला, पडदे ओढले, नवीन पोतेरं आणलं. पाणी पळालं. आता जवळून बघितलं तर जागा दोन्ही सरळ होत्या, अगदी सरळ, पोरं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहतात तशा. टाचा भिंतीकडे. पुढची बाजू खुर्चीकडे.

खुर्चीत वेणू होता. डोळे मिटलेले.

"वेणू, ही फरशी बघ."

"बंदेऽ आई," तो म्हणाला. त्याचं खरं, लांबट बंदे. हलला मात्र नाही.

६

खालच्या मजल्यावर हेमलता राहते, म्हैसूरकडची, मला अज्जी म्हणते. त्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटली. तिला मोडकं मराठी येतं, सासरी शिकली.

"अज्जी, तुमचा मगा फार गुणाचा हं," ती म्हणाली. मगा म्हणजे मुलगा. "तुम्ही हाक मारली की लगेच ओ देतो. बाल्कनीत मला ऐकू येतं. बंदे, बंदे. आमचा तर ओ पण देत नाही."

"कधी ऐकलंस?"

"रोज की. आज पण, आत्ता अकराला."

अकराला मी देवपूजा करत होते. मी कुणाला हाक मारली नव्हती.

"मी हाक मारलेली ऐकलीस का तू?"

हेमलता विचारात पडली. लिफ्टचं दार उघडलं, तिनं ते पायानं अडवून धरलं. "नाही, अज्जी. तुमचा आवाज नव्हता. नुसतं बंदे." आणि मग स्वतःचं समाधान केल्यासारखं म्हणाली, "स्वल्प हळू मारली असेल तुम्ही."

७

रात्रीच्या जेवणाला भांडण झालं. मी सरळ सांगितलं, तार उलटी कर, नाहीतर सेट काढ.

"आई, तुम्हाला बाबांची आठवण येते," उल्का म्हणाली. "ते नॅचरल आहे. एक छान ग्रुप आहे सोसायटीत, सीनियर सिटिझन्सचा..."

"मला ह्यांची आठवण येत नाही. ह्यांचा राग येतो. आणि तो आवाज ह्यांचा नाही."

"मग कुणाचा?" वेणूनं विचारलं.

तुला कळायचं नाही, हे वाक्य माझ्या ओठावर आलं आणि मी ते गिळलं.

जेवणानंतर मी सेटची पिन काढून टाकली. वेणूनं लावली. मी डाव्या स्पीकरची तारच उपटली. त्यानं ती परत सरळ जोडली, गाठीची तार लालवर, आणि माझ्यावर आवाज चढवला. जन्मात पहिल्यांदा. "हात लावायचा नाही, आई! तुला काय कळतं ह्यातलं?"

बापाचं वाक्य, बापाच्या मापाचं.

मग खुर्चीत बसून हळू म्हणाला, "मला इथं बरं वाटतं गं. दिवसभर लोक कानात बोलत असतात. इथं एक जण समोर उभा राहून नुसता... असतो. आता तर अगदी जवळ आलाय आवाज. सेट जुना होतो तसा उघडत जातो म्हणतात."

"किती जवळ?"

त्यानं हात पुढं केला, कोपरातून थोडासा. एवढा, म्हणून.

८

दुसरा दिवस गुरुवार. सकाळी पुसलं तेव्हा पाणी पाचव्या फरशीवरून पळालं. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये.

बाराच्या सुमाराला उल्का आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये होती. वेणू येऊन खुर्चीत बसला, डोळे मिटले. त्याची पावलं बरोब्बर त्या जागेवर. तबकडी संपली, सुई खर्र खर्र करू लागली आणि त्यात मधूनच, खुर्चीच्या इतक्या जवळ की मला वाटलं वेणूच बोलला, पण वेणूचे ओठ मिटलेले: "बंदे."

मी ठरवलं. चालू सेटची तार सोडायची नाही, हा ह्यांचा पहिला नियम. पण सेट बंद केला असता तर वेणूनं डोळे उघडले असते आणि मला हात धरून बाहेर काढलं असतं. मी डाव्या स्पीकरच्या मागं गुडघ्यावर गेले. माझे गुडघे किती वाजतात, पण त्यानं डोळे उघडले नाहीत. फिरक्या सैल केल्या. बोटाला गाठ लागली, तीन वेढ्यांची, माझी. लालवरून काढली. काळ्यावर लावली. आवळली.

खर्र खर्र तीच होती, पण तिचा मधला भाग गेला. ती आता कुठूनच येत नव्हती, किंवा सगळीकडून, माझ्या मानेमागूनसुद्धा. खुर्चीचा वेत एकदा करकरला. मी वर बघितलं नाही. मला वाटलं, जिंकले.

स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढलं. भात, सारू, पापड. हाक मारली, "वेणू, जेवायला ये."

तो आला.

हात धुतले, पाट पुसल्यासारखी जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुसली, बसला, जेवायला लागला. उल्का मीटिंग संपवून आली, बघून म्हणाली, "अरे वा! आई, आज काय जादू केलीत?"

मलाही क्षणभर बरं वाटलं, हे मी लपवत नाही. सत्तेचाळीस वर्षं मी एवढंच तर मागत होते. सारू वाफाळत होतं. तो खाली मान घालून जेवत होता, बोलत नव्हता, पापडाचा आवाजही येऊ देत नव्हता.

पण दुसरी हाक माझ्या घशात तयार होती. जन्माची सवय. ती आपोआप बाहेर पडली: "वेणूऽ!"

ताटावर बसलेल्यानं मान वर केली नाही.

हॉलमधून, भिंतीतून, मानेमागून, कुठूनच नाही असा, फार लांबून आवाज आला. "बंदेऽ आई."

'दे' लांबवलेला.

"पुन्हा म्हणाला बघा, बंद," उल्का म्हणाली आणि कोशिंबीर वाढून घेतली.

९

मी उठले नाही. तिथंच बसून मला ह्यांची वेताची खुर्ची आठवली.

शिवाजीनगरची लाल जमीन, रविवारची सकाळ, मी बादली घेऊन उभी. हे उठायचे. आधी सेट बंद. मग खुर्ची उचलून मागच्या भिंतीकडे फिरवायचे, हात लावून बघायचे की नीट फिरली का. आणि मग, मगच, तार. एकही रविवार ह्यात चूक नाही. खुर्चीत कुणी असताना, नुसती खुर्ची स्पीकरकडे तोंड करून असतानासुद्धा, ह्यांनी तारेला कधी हात लावला नाही.

मला वाटायचं, माझ्या पुसण्यासाठी जागा करून देतात.

एवढं एक सुख मी त्या संसारातून बाजूला काढून ठेवलं होतं, तेही माझं नव्हतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. गाठीची तार काळ्यावर, पण खुर्ची रिकामी करून. मला कळलं असतं हो. का ते कळलं नसतं, पण कसं ते कळलं असतं. मला अक्षर येत नव्हतं, कान होते. मी पस्तीस वर्षं ह्यांचं कथील धरलं आणि ह्यांनी मला अर्धी गोष्ट सांगितली. आणि त्या अर्ध्या गोष्टीनं माझ्याच हातून माझं लेकरू...

नीरजा, रडू नकोस, लिही.

ती दोघं आपापल्या खोलीत गेल्यावर मी सेट बंद केला. खुर्ची मागच्या भिंतीकडे फिरवली. हात लावून बघितलं. मग गाठीची तार लालवर, सरळ. खुर्ची परत जागेवर. सेट चालू. बादली आणली आणि हॉल पुसला.

पाणी पळालं. अगदी भिंतीजवळ, पहिल्या फरशीवर. दोन जागा. उजवी सरळ. डावी आत वळलेली.

मी तिथं हात ठेवला. फरशी गार होती. वर्षभर तेल लावलेलं पाऊल मला कळणार नाही?

१०

आज शनिवार. आज पाणी तिसऱ्या फरशीवरून पळालं. अजून दोन आहेत. पाचवीला माझा वेणू आला की खुर्चीत कुणाला बसवायचं आणि तार कशी फिरवायची हे मला माहीत आहे. गुरुवारी मी ते अगदी नीट शिकले.

अडचण एकच. त्या दिवशी ताटावर येऊन बसला तो खुर्चीत बसत नाही. हॉलमध्ये येतो, खुर्चीला वळसा घालतो. बाकी उल्काला विचाराल तर नवरा सुधारला. वेळेवर जेवतो, हाकेला येतो, आवाज चढवत नाही. ती म्हणते, आईंनाच आता कुणाला तरी दाखवायला हवं, दिवसभर स्पीकरला चिकटून बसतात. सेटही उचलून कुणाला देऊन टाकू म्हणते.

मी काल तिच्यासमोर ठणकावलं, "ह्या सेटची तार कुणी हलवली तर बघा."

तो माझ्याजवळ येऊन बसला, अगदी पायाशी. माझा हात हातात घेतला. वेणूचाच हात, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग तोच. आणि म्हणाला, "आई, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. मी चुकलो. गाठीची तार काळ्यावरच पाहिजे. मी करून देतो."

चुकलो. ह्या घरातल्या पुरुषाच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी आयुष्य घालवलं. तो ऐकला आणि मी माझा हात काढून घेतला.

मी म्हणाले, "हात लावशील तर बोटं तोडीन."

तो हसला, म्हणाला, "सरी, आई. तू म्हणशील तसं." आणि उठला. फरशी ओली होती. तो चालत गेला त्याचे ठसे मी बघितले. दोन्ही सरळ.

तेव्हापासून मी डाव्या स्पीकरला टेकून बसले आहे. डाव्या हाताच्या चिमटीत गाठ आहे. डुलकी लागली तरी ती सुटत नाही, मी सवय केली आहे. दर थोड्या वेळानं मी हाक मारते, "वेणूऽ." आणि समोरून, रोज जरा जवळून, माझा आळशी, बापाच्या वळणाचा मुलगा म्हणतो, "बंदेऽ आई." ये बाबा. तुझ्या चालीनं ये, ताट गार होऊ दे. मी चिडते, ओरडते, पण तोंडात ते जुनं 'मेल्या' आलं की दातांनी धरून ठेवते. तो शब्द आता मी उच्चारत नाही.

दुपारचा एक वाजला. स्वयंपाकघरात ताटांचा आवाज येतो आहे. आज त्यानं वाढलंय.

"आई," तो तिथून हाक मारतो आहे, गोड आवाजात. नीरजानंही ऐकलं, तिचं पेन थांबलंय. "आई, ये जेवायला. गरम आहे."

मी गाठ घट्ट धरली.

"बंदेऽ," मी म्हणाले, आणि उठले नाही.